सतराचा पान्हा

शर्यतीच्या दिवशी मान्सिक्कीनं पान्हा चोरला.
गाईला दोष नाही. गोठ्यापासून चाळीस पावलांवर
तीस मोटारसायकली रेल्वेचे रूळ ओलांडत उडत होत्या,
उडत म्हणजे खरंच, दोन्ही चाकं हवेत,
आणि खाली आपटताना साखळीचा जो आवाज व्हायचा
तो दातांतून जातो, असं आई म्हणायची.

सदुसष्टचा ऑगस्ट. वडील फाटकवाले.
वर्षभर गाडीसाठी रस्ता अडवायचा,
आणि ह्या एका रविवारी रस्त्यासाठी गाडी.
त्या सकाळी ते टोपीला ब्रश मारत.
माझ्या शाळेच्या वाटेवरच्या बर्चच्या बुंध्यांना
आमच्याच शेतातला पेंढा बांधलेला,
कुणी आदळलं तर.

मर्व्हिन आमच्या अंगणात उतरला होता.
न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाचा.
गळकी व्हॅन, इटालियन मोटारसायकल, सार्डिनचे डबे,
पाठीवर एकेचाळीस नंबर.
त्याला फिनिश येत नव्हतं, आम्हाला बाकी काहीच.
आदल्या संध्याकाळी त्यानं मूठ हवेत फिरवून दाखवली,
वडील आत गेले आणि सतराचा पान्हा घेऊन आले.
अकरापर्यंत रेंगाळणाऱ्या त्या उजेडात
व्हॅनखालून बाहेर आलेले चार पाय
मी खिडकीतून मोजले.

जिंकणारा केव्हाच जिंकून गेला.
लाऊडस्पीकरवर बँड लागला,
लोक थर्मास गुंडाळून सरोवराकडे निघाले.
सिग्नलपाशी नेस्तोरीची मालगाडी,
ओंडक्यांनी भरलेल्या बावीस वाघिणी.
वडिलांच्या खिशात वाटाणे होते, दर स्वाराला एक.
तीसातले अकरा वाटेत पडले, बंद पडले.
उरले एकोणीस. गेले अठरा.
एक वाटाणा तळहातावर.

फोन वाजला. स्टेशनमास्तर.
"गाडी सोडा."
"एक बाकी आहे."
फोन पुन्हा वाजला.
वडील त्याच्याकडे बघत राहिले,
शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तसे.

मला वाटलं, आता आवाज येईल.
आवाज आला तो बुटांचा.
वळणावरून मर्व्हिन मोटारसायकल ढकलत येत होता,
तुटलेली साखळी गळ्यात,
तोंड तेलानं काळं, फक्त गॉगलपुरतं गोरं.
शेवटची रेघ अजून किलोमीटरभर पुढे.

रुळांच्या फटीत पुढचं चाक अडकलं.
वडिलांचे हात पुढे झाले
आणि परत खिशात गेले.
हात लावला असता तर तो बाद झाला असता.
मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नाही,
ना आजीला खांदा देताना, ना माझ्या लग्नात.
नेस्तोरी इंजिनातून वाकून बघत होता,
हातात अर्धा खाल्लेला पाव,
आणि चावायचा विसरलेला.

तिसऱ्या हिसक्याला चाक निघालं.
मर्व्हिन काहीतरी बोलला. शिवी असावी.
वडिलांनी मान डोलावली
आणि तो वाटाणा तोंडात टाकला.

रेल्वेचं पत्र सप्टेंबरात आलं:
नऊ मिनिटं, एक दिवसाचा पगार.
ते गाईच्या लसीच्या कागदांत ठेवलं गेलं.
मर्व्हिन पहाटेच गेला होता,
दुसऱ्या कुठल्या देशातल्या दुसऱ्या शर्यतीला,
पायरीवर सार्डिनचे दोन डबे ठेवून.
पान्हाही त्याच्याबरोबर गेला.

"दोघांनी चोरला," आई म्हणाली.
मान्सिक्कीनं तिसऱ्या दिवशी सोडला.

पुढं पंचवीस वर्षं
वडील सतराचा नट
अठराच्या पान्ह्यात तांब्याचं नाणं घालून पिळत.
नाणं निसटायचं, बोटं सोलायची.
नवा घ्या की, मी म्हणायचे, केवढ्याला येतो.
"कशाला? आहे माझ्याकडे," ते म्हणत,
"उसना दिलाय."